एक फेर अजून

बाईंची खोड अख्ख्या कारखान्याला पाठ होती. संध्याकाळी हात धुतले, पर्स खांद्याला लावली, की सरळ दाराकडे जातील तर त्या बाई कसल्या! आधी सगळ्या टेबलांवरून एक चक्कर. ज्याच्या-त्याच्या टेबलावर त्या दिवशी चिकटवलेलं काम क्लॅम्पच्या लोखंडी जबड्यात आवळून ठेवलेलं असायचं, कुठे गिटारची पाठ, कुठे पोट, कुठे मान. बाई एकेका क्लॅम्पच्या दांडीला हात लावत, "सैल आहे हो" म्हणत आणि एक फेर अजून आवळत. सैल असो वा नसो. तेवढं झालं की त्यांचा जीव भांड्यात पडायचा आणि मग त्या घरी जायच्या.

पाठीमागे सगळे त्यांना 'एक फेर अजून' म्हणत. हे नाव पॉलिशवाल्याने ठेवलेलं. तो कारखान्यातला सगळ्यात जुना माणूस, आणि जिभेला हाड नसलेला. पण तोसुद्धा बाईंसमोर मान खाली घालून कापडाने लाकूड घासत बसायचा. कारण काम बाईंना येत होतं, यात वादच नव्हता. नवरा लवकर गेला, त्याच्यामागे एक मुलगा आणि हा कारखाना दोन्ही त्यांनी एकाच हाताने वाढवले. हात जरा जडच होता, एवढंच.

कारखाना म्हणजे तरी काय, एक लांबट खोली, दोन खिडक्या, भिंतीवर टांगलेल्या फळ्या आणि पायाखाली भुसा. त्या दिवशी दुपारी बाई एका मानेवर रंधा मारत होत्या, तेवढ्यात सून दारात उभी राहिली. बरोबर नात. नातीच्या खांद्यावर गिटारची पेटी, तिच्यापेक्षा थोडीच लहान.

बाईंनी पेटी ओळखली. रंधा खाली ठेवला.

"आई, ही उघडून हवीय," सून म्हणाली.

"पेटी?"

"पेटी नाही. गिटार. मान उघडून हवीय."

गिटार मुलाने बनवलेली होती. त्याची पहिली, आणि बनवायची म्हणाल तर शेवटचीच. तो गेला त्याला आता वर्ष होत आलं होतं. पोटातलं दुखणं, कळेपर्यंत उशीर झाला. त्याच्यामागे ही गिटार नातीकडे आली आणि नातीने शिकायचा हट्ट धरला. पण मान पुढे वाकलेली. तारा बोटांखालच्या पट्टीपासून इतक्या वर, की खालून उंदीर आरामात जाईल. दाबता दाबता पोरीच्या बोटांना फोड आले. मागे एकदा ती बोटं दाखवायला आजीकडे आली, तेव्हा बाई फुंकर घालता घालता बोलून गेल्या होत्या, "तुझ्या बापाने दोन सळया घालायचा कंटाळा केला, त्याची फळं तू भोगतेयस, बाळा."

ते वाक्य पोरीने घरी नेलं होतं.

"तुम्ही त्याला हट्टी म्हणालात, मी ऐकून घेतलं," सून म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, पण हात पेटीच्या बंदावर घट्ट होता. "पण तो शेवटपर्यंत सांगत होता, सळया घातल्यात म्हणून. आता ही मला विचारते, बाबा खोटं बोलायचे का? काय सांगू मी तिला? उघडा, आई. सळया नसल्या तर मीच हिला सांगेन, तुझे बाबा चुकले. असल्या तर ते तुम्ही सांगायचं. हिच्यासमोर."

"अगं, उघडून काय निघणार आहे? मला न उघडताच—"

"तेच तर. न उघडताच."

पलीकडे पॉलिशवाला पाठ करून बसला होता. कापड एकाच जागी फिरत होतं.

आता या सळयांचं प्रकरण काय, ते आधी सांगायला हवं. गिटारच्या तारा मानेला सतत ओढत असतात, रात्रंदिवस. लाकूड कितीही मुरलेलं असलं तरी शेवटी लाकूडच ते, हळूहळू पुढे झुकतं. म्हणून बोटं फिरतात त्या काळ्या पट्टीखाली, मानेच्या आत, लांब खाचा पाडून कार्बनच्या दोन सळया गोंदात बसवायच्या आणि वरून पट्टी चिकटवायची. मग मान जागची हलत नाही. पण एकदा का पट्टी चिकटली, की आत सळया आहेत का हवा आहे, ते ब्रह्मदेवाला विचारलं तरी सांगता यायचं नाही. लोखंड असतं तर चुंबक तरी लागलं असतं. कार्बनला तेही नाही.

मुलाने पहिली गिटार पुरी करून तारा चढवल्या, तेव्हा बाईंनी ती उचलून एक डोळा मिटला आणि मानेवरून नजर टाकली. सगळा कारखाना बघत होता.

"सळया कुठेत?"

"आत आहेत."

"आत असत्या तर मान अशी वाकली असती? आणि हे काय?" पट्टीच्या कडेला, मधोमध, नखाएवढी अर्धगोल खोक होती. "क्लॅम्पखाली लाकडाचा तुकडा ठेवायची अक्कल नाही, आणि म्हणे सळया घातल्या!"

"घातल्यात, आई."

"मग उघडून दाखव."

त्याचा चेहरा पडला. एकदा त्या खोकेकडे बघितलं, एकदा आईकडे. मग म्हणाला, "माझ्या शब्दावर विश्वास नसेल तर नाही उघडणार."

झालं. खाण तशी माती! दोघांपैकी एकाने जरी माघार घेतली असती तर गोष्ट तिथेच संपली असती. पण त्याने गिटार उचलली आणि तो चालता झाला. पुढे दुसरीकडे फर्निचर दुरुस्तीचं काम धरलं, लग्न केलं, मुलगी झाली. आईकडे यायचा, चहा प्यायचा, तिच्या गुडघ्यांची चौकशी करायचा. कारखान्यात मात्र पाऊल टाकलं नाही. आणि बाईंनीही कधी ये म्हटलं नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तशातली गत.

एकदाच तो विषय निघाला होता, दवाखान्यात. त्याचे हात काडीसारखे झालेले. बाई पांघरूण सारखं करत होत्या, तर तो म्हणाला, "आई, सळया होत्या गं."

"बरं बरं," बाई म्हणाल्या होत्या. "होत्या. आता झोप बघू."

लहान पोराची समजूत काढावी तसं. त्याला ते कळलं असणार. त्याने तोंड भिंतीकडे केलं. त्यानंतरचं त्याचं कुठलंही बोलणं बाईंना धड आठवत नव्हतं, पण ते भिंतीकडे वळणं आठवत होतं.

बाईंनी टेबल साफ केलं. गिटारच्या तारा उतरवल्या. छोटी इस्त्री तापत ठेवली. पट्टीवर इस्त्री धरायची, खालचा गोंद मऊ पडेपर्यंत थांबायचं, मग पातळ पातं सरकवायचं, पुन्हा इस्त्री, पुन्हा पातं. घाई केली तर पट्टी चिरते. नात स्टुलावर गुडघे टेकून बसली होती. सून उभीच होती, बस म्हटलं तरी बसली नाही.

बाईंच्या मनात तेव्हा काय होतं, ते स्पष्ट सांगायला हवं. खाचा रिकाम्या निघाव्यात, असं त्यांना वाटत होतं. आपल्या मेलेल्या मुलाच्या बाबतीत एखाद्या आईला असं वाटावं? पण वाटत होतं. सळया निघाल्या तर आपण काय काय गमावलं, त्याचा हिशोब कुठून सुरू करायचा हेच त्यांना कळलं नसतं. त्यापेक्षा तो आळशी ठरलेला बरा.

पट्टी एका टोकाने उचलली गेली.

"आहेत!" नात ओरडली. "आई, आहेत! दोन आहेत! काळ्या काळ्या!"

सून आता बसली. जमिनीवरच बसली, भुशात, आणि तिने पदर तोंडाला लावला.

सळया होत्या. कशा? तर मापात पाडलेल्या खाचा, कडा स्वच्छ, गोंद जेवढा हवा तेवढाच. एवढं नीट काम तर बाईंनी स्वतःही त्या वयात केलं नसतं. त्यांनी सांगायला तोंड उघडलं, सुनेने घातलेली अटच ती होती. पण तोंडातून निघालं ते भलतंच.

"मग वाकली कशी?"

"आई, राहू द्या ना आता," सून म्हणाली. "निघाल्या, झालं."

राहू देणं बाईंच्या स्वभावात कधी नव्हतं. त्यांनी इस्त्रीचं टोक खाचेवर धरलं, गोंद सैल झाल्यावर पात्याने सळईचं टोक उचललं आणि हळूहळू सोडवत आणली. शेवटच्या वितीला सळई आपणहून उसळली आणि टणकन टेबलावर पडली. बाईंनी ती सपाट लोखंडी पाटावर ठेवून खाली वाकून बघितलं. खालून उजेडाची रेघसुद्धा दिसेना. इतकी वर्षं वाकलेल्या मानेत राहून सळई सरळच्या सरळ होती.

दुसरी काढली, तीही तशीच. आणि दोन्ही निघाल्यावर मानेनेही आपला बाक बराचसा सोडला, दिवसभर ओझं वाहिलेला माणूस पाठ सोडतो तसा.

बाईंना एवढं पुरे होतं. सळईचं काम मान सरळ करणं नव्हे, गोंद सुकताना मान जशी असेल तशी ती धरून ठेवणं. सरळ असेल तर सरळ, वाकडी असेल तर वाकडी, कायमची. म्हणजे गोंद ओला असतानाच मान वाकलेली होती. सळया नव्हत्या म्हणून ती वाकली नव्हती. कुणीतरी ती वाकवून दाबून ठेवली होती आणि सळयांनी इमानाने तेच धरून ठेवलं होतं.

त्यांचं लक्ष बाजूला ठेवलेल्या काळ्या पट्टीकडे गेलं. कडेची ती अर्धगोल खोक.

बाईंच्या टेबलाच्या वर, खिळ्याला, त्यांचा स्वतःचा जुना क्लॅम्प लटकलेला असायचा. जबड्याचा एक कोपरा उडालेला. दुसरं कुणी त्याला हात लावत नसे, कुणाची छातीच नव्हती. बाईंनी तो काढला आणि उडालेला कोपरा त्या खोकेवर टेकवला. बोटाला बोट जुळावं तसा तो बसला.

शेवटी पॉलिशवाल्याने कापड खाली ठेवलं आणि उठून आला.

"बाई, एक सांगू? रागवू नका."

"बोल."

"पट्टी चिकटवली त्या दिवशी त्याने मान दोन ठोकळ्यांवर ठेवली होती, दोन टोकांना. क्लॅम्पही टोकांनाच. मध्ये मुद्दाम मोकळी सोडली होती, खाली आधार नाही म्हणून. तुम्ही संध्याकाळी आलात, म्हणालात मध्ये उघडी कशी. तो म्हणाला, 'आई, मध्ये नको, पुरे आहे तेवढं.' तुम्ही म्हणालात, 'मला शिकवू नकोस.' हा क्लॅम्प आणलात, थेट टेबलाला आवळलात. आणि वर एक फेर अजून."

"मला काही आठवत नाही रे."

"कसं आठवेल? रोजचंच होतं ते." त्याने मान खाजवली. "आणि सकाळी सगळ्यांच्या आधी तुम्हीच यायच्यात. क्लॅम्प काढून जागच्या जागी लावून मोकळ्या झालात."

बाई क्लॅम्प हातात धरून उभ्या होत्या.

"खरं सांगू का," पॉलिशवाला म्हणाला, आता सुटला तो सुटलाच. "तुम्ही गेल्यावर आम्ही सगळे एकेक फेर सैल करायचो. रोज. नाहीतर गोंद सगळा बाहेर पिळून यायचा आणि जोड कोरडा पडायचा. इतकी वर्षं तेच चाललंय."

"सगळे?"

"सगळे. एक तो सोडून. त्या दिवशीही मी त्याला म्हटलं, बाबा रे, काढ तो मधला. तर म्हणाला, 'काका, आईने लावलाय, ती उगाच लावायची नाही. माझंच काहीतरी चुकत असेल. राहू दे.'"

बाईंना रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. एवढ्या कारखान्यात त्यांच्या हातावर डोळे मिटून विश्वास ठेवणारा एकच माणूस होता, आणि त्यालाच त्यांनी सगळ्यांदेखत खोटं पाडलं होतं. त्याने त्या खोकेकडे बघितलं होतं, मग आपल्याकडे बघितलं होतं. त्याला त्याच क्षणी सगळं कळलं होतं.

"मग तो बोलला का नाही?"

"मी म्हटलं होतं त्याला, सांग तुझ्या आईला. म्हणाला, 'सळया घातल्यात एवढं तिला पटत नाही, हे काय पटणार?'"

"आणि तू? तू का नाही बोललास? तुला जीभ नव्हती?"

"बोललो असतो तर मलाही म्हणाला असतात, उघडून दाखव," पॉलिशवाला म्हणाला. मग त्याचे डोळे भरून आले. "घाबरलो, बाई. तुम्हाला कोण घाबरत नव्हतं इथे? रोज वाटायचं, आज सांगू, उद्या सांगू. आणि मग तो गेलाच."

नात एकदा पॉलिशवाल्याच्या, एकदा आजीच्या तोंडाकडे बघत होती. बाई तिच्यासमोर खाली बसल्या. गुडघे दुखत होते, तरी बसल्या.

"ऐक, बाळा. तुझे बाबा खरं बोलत होते. सळया त्यांनी घातल्या होत्या, नीट घातल्या होत्या. मान मी वाकवली."

"मुद्दाम?"

"नाही गं. काळजीने."

पोरीने थोडा विचार केला. "बाबांना माहीत होतं? तू केलंस ते?"

"हो."

"मग ते तुला ओरडले का नाहीत?"

बाईंनी सुनेकडे बघितलं. याचं उत्तर ज्याच्याकडे होतं, त्याला बाईंनी "बरं बरं" म्हणून झोपवलं होतं.

पुढच्या दिवसांत बाईंनी खाचा साफ केल्या. नव्या सळया घेऊ या का, असं सुनेने विचारलं, तर नको म्हणाल्या, ह्यांच्यात काय खोट आहे? त्याच दोन सळया, त्याच खाचा. मान या वेळी सपाट पाटावर ठेवली, टोकापासून टोकापर्यंत खाली आधार. गोंद सुनेने कालवला. सळया बाईंनी बसवल्या, काळी पट्टी वर आली. मग क्लॅम्प.

"हे मी नाही आवळणार," बाई म्हणाल्या. "ही आवळेल. दोन बोटांनी. बोटं पांढरी पडायला लागली की थांब, तेवढंच पुरतं."

नातीने ओठ दाताखाली धरून एकेक क्लॅम्प फिरवला. फोड आता बरे झाले होते. पॉलिशवाला लांबून म्हणाला, "वा! आजीपेक्षा हात हलका आहे," आणि म्हटल्यावर स्वतःच दचकला. बाईंनी नुसता पुढचा क्लॅम्प नातीकडे सरकवला.

संध्याकाळ झाली. माणसं निघायला लागली. बाईंनी हात धुतले, पर्स खांद्याला लावली आणि निघाल्या. सून दाराशी नातीची वाट बघत होती. नात अजून टेबलाजवळच रेंगाळत होती, ओल्या गोंदाचा वास घेत.

जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात. इथे मेला भलताच, आणि खोड होती तिथेच. बाई टेबलाशी आल्या, थांबल्या, आणि त्यांचा हात आपला आपण क्लॅम्पच्या दांडीवर गेला. बोटं वळली. "सैल आहे हो," हे शब्द ओठांवर आलेसुद्धा.

"आजी, नको," नात म्हणाली. "पुरे आहे तेवढं."

पोरीने पॉलिशवाल्याचं बोलणं लक्षात ठेवून म्हटलं, की तिचं तिलाच सुचलं, कोण जाणे. आवाज मात्र अगदी तिच्या बापाचा होता, तसाच, मऊ, थोडा घाबरलेला.

बाईंनी दांडी सोडली. हात कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. मग त्यांनी तो नातीच्या हातात दिला.

"हो रे बाळा," त्या म्हणाल्या, "पुरे आहे तेवढं."

नातीला वाटलं, आजी आपल्याशीच बोलतेय. 'रे' का म्हणाली, म्हणून तिने वर बघितलं, पण आजी तिच्याकडे बघत नव्हती. ती त्या बंद मानेकडे बघत उभी होती, आणि आता मात्र रडत होती.